पडद्याबाहेरच्या विद्यार्थ्याची फी

शनिवार, तुमच्या तेराव्यानंतरचा दिवस, सकाळची वेळ. रक्कम रुपये बारा, सगळी नाणी. हजर : सुनंदा सिस्टर, माझी बायको मंगल आणि मी. सुपारीचा स्टीलचा डबा मंगलनं तुमच्या कॉटखालून काढून सतरंजीवर पालथा केला. मी दोनदा मोजलं. दोन्ही वेळा बाराच भरले.

"बरोबर आहे," सिस्टर म्हणाल्या. "शिकायला आलेल्या बाराच होत्या."

वहिनी, तुम्ही असता तर आतून लगेच आवाज आला असता, "तेरा पाहिजेत. एकाची बाकी हाय." ती बाकी कुणाची, हे तुम्हाला ठाऊक होतं आणि मलाही. म्हणून हे लिहायला बसलोय.

तुमचं वय, माहेर, दादा गेल्यानंतर तुम्ही अंगणवाडीच्या पगारावर घर कसं सावरलं, हे सगळं पेपरातल्या चौकटीत येऊन गेलं. फोटो बरा आलाय. पदर थोडा घसरलेला आहे, त्यावर तुम्ही नक्की बोलला असता. ते सगळं मी परत लिहीत नाही. मला आपला वाद लिहायचाय. तुमचं म्हणणं होतं, शेवट घरी, मधल्या खोलीत, शुद्धीवर आणि दुखणं न सोसता व्हावा. माझं म्हणणं होतं, वेळ आली की सोलापूरचं हॉस्पिटल. या वादाचा निकाल आपण कधी तोंडानं लावलाच नाही.

सिस्टर पहिल्यांदा आल्या तेव्हा मी त्यांना दारातच नाही म्हणालो होतो. त्यांच्या हाताखालच्या नर्सांचे वर्ग धाराशिवला झाले होते. आता कळंबमध्ये घरी जाऊन शिकायचं होतं. बऱ्या न होणाऱ्या माणसाचं दुखणं कसं कमी करायचं, जखम कशी धुवायची, माणूस जायला लागलं की त्याच्याशी आणि घरच्यांशी काय बोलायचं, असं ते शिक्षण. चार-चार नर्स आणि आरोग्य सेविका आमच्या घरी आल्या तर चालेल का, असं त्या विचारत होत्या.

"सिस्टर, घर म्हणजे काही प्रयोगशाळा नाही," मी म्हणालो. "त्यात बाईमाणसाचं दुखणं. गल्लीत चर्चा होईल."

तेवढ्यात तुम्ही आतून विचारलंत, "भावजी, दुखणं माझं का तुमचं?"

"तुमचं."

"मग तुम्ही बाहेर बसा. सिस्टर, आत या. पण आधी एक सांगा. हे खरंच शिकवायचं हाय, का चहा-बिस्कीट खाऊन सही करून घरी? मला हात धुवायचं ट्रेनिंग आठदा दिलंय. आठीच्या आठी वेळा त्या हॉलात नळाला पाणी न्हवतं."

सिस्टर इतक्या हसल्या की माझा नकार तिथंच वाया गेला.

मग फीचं निघालं. फुकटचं शिकवलेलं कुणाच्या ध्यानात राहत न्हाय, अंगणवाडीत मी हेच बघितलं, असं म्हणून तुम्ही माणशी एक रुपया ठरवलात. सिस्टर म्हणाल्या, रुग्णाकडून काही घ्यायला आम्हाला बंदी आहे. तुम्ही म्हणालात, "घ्यायचं कुठंय? द्यायचंय."

जखम छातीची. मी दीर. त्यामुळं मधल्या खोलीच्या दाराला जुन्या चादरीचा पडदा लागला. तुमची शाळा भरली की मी पडद्याच्या अलीकडं खुर्ची टाकून बसायचो. आडतीच्या दुकानात जायला उशीर व्हायचा, पण घरात चार अनोळखी माणसं असताना मला निघवत नव्हतं. मोबाईलवर तुरीचे भाव बघतोय असं दाखवायचो. तुम्हाला पडद्यातून सगळं दिसत असणार.

पहिल्या दिवशी परंड्याच्या एका मुलीचा नंबर होता. हातातलं कार्ड वाचत ती म्हणाली, "आजी, तुम्हाला आज बरं वाटतंय ना?"

"बरं वाटलं असतं तर आडवी कशाला पडले असते? आणि आजी कुणाला म्हणतीस? बाहेर जा, परत ये, नीट विचार."

मुलगी बाहेर आली. डोळे भरलेले. मी पाण्याचा तांब्या पुढं केला. ती प्यायली, कार्ड पिशवीत टाकलं, आणि आत जाऊन वेगळंच विचारलं, "काकू, सगळ्यात जास्त त्रास कशाचा होतोय?"

तुम्ही म्हणालात, "वासाचा."

मी मोबाईल खाली ठेवला. आम्हाला वाटत होतं तुम्ही म्हणाल, दुखतंय. जखमेचा वास यायला लागल्यापासून मंगल सकाळ-संध्याकाळ अगरबत्ती लावायची. आमचा समज असा की तुमच्या लक्षात आलेलं नाही. "तनू जवळ येत न्हाय," तुम्ही सांगत होता. "दारात थांबून नाक दाबती. मग मला कळू नये म्हणून नाक खाजवल्यासारखं करती. नववं लागलंय पोरीला, आणि माझ्यासाठी नाटकं करायला शिकली."

तनू माझी मुलगी. तिचं ते नाटक मीही बघितलं नव्हतं.

त्या दिवशी सिस्टरनी शिकवलं की मिठाच्या कोमट पाण्यानं जखम धुवायची आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या कुटून त्यांची पूड वर भुरभुरायची. मी हिशेबाचा माणूस. त्या गोळ्यांची पट्टी अगरबत्तीच्या पुड्यापेक्षा स्वस्त पडली. आठवड्याच्या आत वास गेला म्हणण्याइतका कमी झाला, आणि तनू तुमच्या कॉटवर बसून पाढे पाठ करायला लागली. तुम्ही तिला सतरावर अडकवायचात. मुद्दाम.

त्या परंड्याच्या मुलीचा रुपया डब्यात पडल्याचा आवाज मी बाहेरून ऐकला. पाठोपाठ तुमचा आवाज. "भावजी, पडद्यामागून ऐकलं तरी फी लागती."

"मी कुठं शिकतोय? मी बसलोय नुसता."

"लिहून ठेवते," तुम्ही म्हणालात. लिहिलं कुठंच नाहीत. विसरलाही नाहीत.

दुसऱ्या वेळी रेणुका आली. उमरग्याची. घरात कानडी, बाहेर मराठी. आपल्या गल्लीपासून जवळच्या उपकेंद्रात तिची नेमणूक. तिला तो अवघड धडा होता. रुग्णाला आजाराबद्दल काय माहीत आहे आणि किती जाणून घ्यायचंय, हे आधी विचारायचं; आपण होऊन काही सांगायचं नाही आणि खोटंही बोलायचं नाही. मला ते आधी कळलं असतं तर तो तास मी होऊ दिला नसता. कारण आपल्या घरात तुमच्या दुखण्याला आम्ही 'गळू' म्हणत होतो. तपासणीचे कागद मी आडतीच्या कपाटात ठेवले होते. भेटायला येणाऱ्यांना दारातच खूण व्हायची. अशा घरात सगळे हेच करतात, आणि मीही काही वाईट करतोय असं मला वाटत नव्हतं.

रेणुका म्हणाली, "काकू, तुम्हाला काय झालंय असं तुम्हाला वाटतंय?"

मी खुर्चीवरून उठलो. पडद्याला हातही लावला.

"कॅन्सर हाय," तुम्ही सांगितलंत. आवाज खाली आणलात, पण पडदा कापडाचाच होता. "पहिल्या दिवसापासनं ठाऊक हाय. पण बाहेर बसलेल्या भावजींना सांगू नका. त्यांना वाटतंय मला म्हाईत न्हाय. समजलं तर लई वाईट वाटंल त्यांना."

मग आधी मंगलच्या तोंडून हुंदका आला, आणि मागोमाग तुम्ही हसायला लागलात. हसताना जखम ताणते म्हणून "अगं आई गं" आणि परत हसू. मी पडद्याला धरूनच उभा होतो. तसाच म्हणालो, "मला ऐकू आलं."

"ऐकू यावं म्हणूनच बोलले. आता ते गळू बंद करा."

त्या दिवसापासून घर मोकळं झालं. भेटायला येणारे खऱ्या गोष्टी बोलायला लागले. तुम्ही कुणाला पातळ द्यायचं, कुणाला भांडी, ते सांगून टाकलंत. मंगल तुमच्याजवळ बसून रडायची आणि तुम्ही तिला भाजी निवडायला लावायचात. एवढे महिने आम्ही तुम्हाला जपत होतो आणि तुम्ही आम्हाला. दोन्हीकडून जपण्यातच सगळ्यांची दमछाक झाली होती.

मॉर्फिनच्या गोळ्यांची गोष्ट मात्र तुमच्या विरोधात जाते. ती मी सोडणार नाही.

डॉक्टरांनी दर चार तासांनी एक सांगितली होती. आधी तुमचा नकार, "अफू हाय ती. सवय लागंल." सिस्टरनी समजावलं, सांगितल्याप्रमाणे घेतली तर दुखण्यावर काम करते, ती व्यसनाची गोष्ट नाही. पोट साफ व्हायचं औषध बरोबर घ्यायचं, एवढं मात्र विसरायचं नाही. तुम्ही मान डोलावलीत. तरी दुखणं उतरेना. चेहरा ओढलेला, बोलणं तुटक. मी म्हणायला लागलो, बघा, घरात होत नाही, सोलापूरला नेलं पाहिजे.

रेणुकानं गोळ्या मागितल्या. संपायला हव्या होत्या त्यातल्या निम्म्या शिल्लक निघाल्या, उशीच्या अभ्र्यात, रुमालात बांधलेल्या.

"काकू, ह्या कशाला ठेवल्या?"

"पुढं लई दुखणार हाय म्हणत्यात. तवा कमी पडल्या तर? बियाणं राखून ठेवतो तसं ठेवल्यात."

आणि मी, वहिनी, बाहेरून बोललो, "बरोबर हाय की. शिल्लक असलेली बरी." आपल्या घरात दोघांनाही हीच सवय. दुष्काळात वाढलेली माणसं आपण. सगळं पुरवून वापरायचं, औषधसुद्धा.

रेणुका पडदा जरा सरकवून माझ्याकडं बघत म्हणाली, "काका, तुम्ही थांबा जरा." मग तुम्हाला विचारलं, "काकू, अंगणवाडीत पोरांना खिचडी कधी द्यायचात? भुकेनं रडायला लागल्यावर, का वेळेवर?"

"वेळेवर. एकदा रडायला लागली की खातबी न्हाईत धड."

"मग?"

तुम्ही रुमाल तिच्याकडं सरकवलात. गोळ्या राखून ठेवायच्या नाहीत, दुखायच्या आत घ्यायच्या, एवढं दोघांनाही एकदमच कळलं. मंगलनं मोबाईलवर चार-चार तासांचा गजर लावला. तिसऱ्या दिवशी तुम्ही उशीला टेकून बसलात आणि मला विचारलंत, "तुरीला काय भाव फुटला?" रेणुकाच्या रुपयाबद्दल तुम्ही म्हणालात, हिच्याकडनं घेऊ नये खरं तर, हिला द्यावा. तरी घेतलात.

अजूनही एक राग आहे, तो लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही. गाठ लागल्यावर तुम्ही वर्षभर कुणाला सांगितलं नाही. गावातल्या बायकांना तपासणीच्या शिबिराला तुम्हीच गोळा करून न्यायचात. रांगेत उभं करायचात, लाजू नका म्हणायचात. आणि स्वतः टेबलामागं बसून त्यांची नावं लिहीत राहिलात. मी एकदा हे बोललो. तुम्ही म्हणालात, "बाकीच्यांच्या रांगा लावता लावता माझा नंबर राहिला." हसण्यावारी नेलंत. या मुद्द्यावर मी तुमचं ऐकलं नाही आणि ऐकणारही नाही. मंगलची तपासणी त्याच आठवड्यात करून आणली. तुम्हाला सांगितलं नव्हतं. तिचं सगळं ठीक आहे. आता सांगतो.

सोलापूरचा वाद मात्र रोजचा झाला. मी हॉस्पिटलची चौकशी करून ठेवली होती, गाडीत डिझेल भरून ठेवलं होतं, चावी सदऱ्याच्या खिशातच असायची.

"दम लागला तर मी काय करू?" मी पडद्याकडं तोंड करून विचारायचो. "बसून बघत राहू?"

"बसू नका. पंखा धरा."

तुम्ही हे उडवून लावता असं मला वाटायचं. नंतर एका तासाला सिस्टर तेच शिकवत होत्या. माणसाला धाप लागली की डोकं उंच करायचं, खिडकी उघडायची, गर्दी बाजूला करायची, आणि गालाच्या जवळ, नाकाच्या बाजूनं, हळू वारा घालायचा. तोंडावर वारा लागला की घाबरणं कमी होतं. औषध त्याच्या जोडीला. मी ऐकत होतो. हाताची हालचाल किती, तेसुद्धा सिस्टरनी सांगितलेलं माझ्या लक्षात राहिलं. पण मी होय म्हणालो नाही. तुम्ही वाट बघायचात. मी विषय बाजारावर न्यायचो. माझ्या डोक्यात एकच, लोक म्हणतील भावजयीला घरात ठेवून मरू दिलं, पैसा वाचवला.

तो दिवस रविवारचा. ऊन वर आलेलं. मंगलची हाक आली, "अहो, ताईंना दम लागलाय." मी चप्पल घालून, चावी हातात घेऊनच धावलो. रेणुकाला फोन केला होता, ती गाडीवरून पाचव्या मिनिटाला आली. डॉक्टरांशी बोलली, त्यांनी सांगितलेलं औषध दिलं, उशा लावून तुम्हाला उंच बसवलं. मी पडद्याशी उभा. आतून तुमचा श्वास ऐकू येत होता.

"रेणुका, मी गाडी काढतो."

ती बाहेर आली. आवाज चढवला नाही. "काका, रस्त्यात काकूंना काय हवंय ते कोण बघणार? त्यांनी मला सांगितलंय, डॉक्टरांनाबी सांगितलंय. तुम्हालाबी सांगितलंय. गाडी काढायची का पंखा धरायचा, ते आता तुम्ही सांगा. तुम्ही जे सांगाल त्यात मी सोबत आहे."

चावी मी खुर्चीवर ठेवली. चप्पल काढली. आणि पडदा सरकवून आत आलो.

इतकी वर्षं एका घरात राहिलो, पण तुमच्या उशाशी मी कधी बसलो नव्हतो. मंगलनं पदर नीट केला. रेणुकानं पुठ्ठ्याचा पंखा माझ्या हातात दिला. मी गालाजवळ, नाकाच्या बाजूनं, हळू वारा घालायला लागलो. कुणी सांगावं लागलं नाही. तुम्ही डोळे उघडलेत, आधी पंखा बघितलात, मग मला.

"आलात का वर्गात," तुम्ही म्हणालात.

मला होय म्हणायचं होतं. 'होय वहिनी, घरीच,' एवढंच. तोंडातून निघालं, "तुरीचा भाव वाढलाय." तुम्ही ओठ जरासे हलवलेत. ते हसू होतं असं मंगल म्हणते. हळूहळू धाप उतरली, डोळे मिटले, कपाळावरच्या आठ्या गेल्या. तनू येऊन तुमच्या पायाशी बसली, नाक न दाबता, आणि सतराचा पाढा न अडकता म्हणाली. दुपार कलता कलता तुम्ही गेलात. रेणुकानं हात जोडले आणि मंगलला विचारलं, "काकूंना अंघोळ घालताना मी थांबू का?" ती थांबली.

लोक काही बोलले असतील. माझ्या कानावर आलं नाही. उलट चौथ्या दिवशी गल्लीच्या टोकाचा एक जण येऊन विचारून गेला, की आमच्या अण्णांसाठी त्या सिस्टर येतील का.

हे अण्णा म्हणजे एसटीतले निवृत्त कंडक्टर. फुप्फुसं थकलीत. डबा मोजल्यानंतर आठवड्यानं, म्हणजे काल, सिस्टर नवीन मुलींना घेऊन त्यांच्याकडं गेल्या आणि मला बरोबर यायला सांगितलं, तुमचा डबा घेऊन. तिथं पडदा नव्हता. अण्णा खिडकीत खुर्ची टाकून बसलेले, प्रत्येक वाक्याला थांबा घेत बोलणारे. फीचा नियम ऐकून खूष झाले; मुलींनी ती शेवटच्या तासाला द्यायची ठरली. सिस्टरनी विचारलं, धाप लागल्यावर पंखा कसा धरायचा, कोण दाखवेल? मुली एकमेकींकडं बघायला लागल्या. मी पुढं झालो आणि दाखवलं.

"झकास," अण्णा म्हणाले. "कुठं शिकलात?"

"आमच्या वहिनींकडं. बाहेर बसून." मी खिशातून दहाची नोट काढली. "त्यांची फी राहिली होती. ती इथं टाकतो."

अण्णांनी नोट परत केली. "जन्मभर सुट्ट्यावरनं भांडलो. आता जाताना तरी सुट्टे द्या राव."

मुली हसल्या, तेही हसले, त्यांना धाप लागली, एका मुलीनं लगेच पंखा उचलला आणि बरोबर धरला. मी टपरीवर गेलो. तिथं रुपया नव्हता, पलीकडच्या किराणा दुकानात मिळाला. परत येऊन तो डब्यावर धरला.

"पण ही फी माझी न्हवं, तुमच्या वहिनींची," अण्णा म्हणाले. "माझ्यासमोर टाकली तर चालंल का?"

"चालेल."

"मग टाका. गाडी एकच हाय, तिकीट कुठनंबी काढा."

होय वहिनी, घरीच. उशिरा सांगतोय.

रक्कम रुपये एक, नाणं. देणारा मी. घेणाऱ्या तुम्ही, अण्णांच्या हातून. डब्यात आता तेरा आहेत.